तर-तमभाव हरवलेली बातमी



मागच्या व्याख्यानात आपण ज्ञान आणि मत यांतल्या फरकाबद्दल बोललो. आजचा विषय त्या मानाने हलका वाटेल. तंत्रज्ञान कंपन्यांच्या बारीकसारीक बातम्या माध्यमं फुगवून सांगतात. ती हे का करतात, कसं करतात आणि त्यामुळे आपलं नेमकं काय बिघडतं, ते आज बघायचं आहे. आयोजकांनी मला विचारलं होतं, "सर, हा विषय तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने कशासाठी घ्यायचा?" मी म्हटलं, या रोगाची लागण मला स्वतःला होऊन गेली आहे, म्हणून. तेव्हा सुरुवात कबुलीजबाबाने करतो.

२०१७ सालच्या ऑगस्टमधली गोष्ट. माझं व्याख्यान होतं भाषा आणि नियम या विषयावर. विट्गेन्श्टाइनचा एक प्रसिद्ध प्रश्न आहे : फक्त स्वतःला कळेल अशी, पूर्णपणे खासगी भाषा असू शकते का? वेळ दुपारची, जेवणानंतरची. समोरचे श्रोते हळूहळू पेंगायला लागले होते. तेव्हा मी हुकमी पान टाकलं. म्हटलं, "अहो, विट्गेन्श्टाइन सोडा. गेल्याच आठवड्यात काय झालं माहीत आहे? फेसबुकच्या प्रयोगशाळेत दोन यंत्रांनी आपसात बोलायला स्वतःची गुप्त भाषा तयार केली. शास्त्रज्ञ इतके घाबरले, की त्यांनी यंत्रं बंद करून टाकली!" सगळं सभागृह जागं झालं. मला टाळ्यासुद्धा मिळाल्या.

व्याख्यान संपल्यावर माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. आता तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. नमस्कार वगैरे झाल्यावर त्याने अगदी अदबीने विचारलं, "सर, मूळ निबंध तुम्ही वाचलात का?" मी वाचला नव्हता. मी बातमी वाचली होती. खरं सांगायचं तर बातमीचा मथळा आणि पहिला परिच्छेद वाचला होता. चाळीस वर्षं मी मुलांना सांगत आलो की मूळ ग्रंथ उघडल्याशिवाय त्यावर बोलू नका. आणि टाळी घेण्यासाठी मीच तो नियम मोडला होता. त्या रात्री घरी येऊन तो निबंध वाचला. समजला तेवढा वाचला आणि जे समजलं नाही ते त्या विद्यार्थ्याकडून फोनवर समजून घेतलं.

आता त्यात काय होतं ते सांगतो, कारण आजचा सगळा मुद्दा त्याच्यावर उभा आहे.

फेसबुकच्या संशोधन विभागाने जून २०१७मध्ये एका प्रयोगाची माहिती आणि निबंध प्रसिद्ध केला. प्रयोग वाटाघाटीचा होता. काही पुस्तकं, काही टोप्या आणि काही चेंडू दोघांनी वाटून घ्यायचे. प्रत्येक वस्तूची किंमत प्रत्येकाला वेगळी आणि दुसऱ्याला ती माहीत नाही. तुम्हाला पुस्तकं मोलाची असतील, तर मला चेंडू. बोलून तडजोड करायची. तडजोड झाली नाही तर दोघांनाही शून्य गुण. भाजी बाजारात रोज चालतं तसलंच हे. माणसांनी अशा वाटाघाटी केल्याचे हजारो संवाद गोळा करून त्यांवरून संगणकाच्या प्रणालीला शिकवलं गेलं. मग अशा दोन प्रणाली एकमेकींसमोर बसवल्या आणि जास्तीत जास्त गुण मिळवायला सांगितलं.

इथे एक गंमत झाली. गुण मिळायचे ते वस्तू मिळवण्याचे. शुद्ध इंग्रजी बोलण्याचे गुण नव्हते. त्यामुळे दोन्ही प्रणाली एकमेकींशी खेळत शिकायला लागल्या, तशी त्यांची भाषा माणसाच्या इंग्रजीपासून ढळत गेली. तेच ते शब्द पुन्हापुन्हा येऊ लागले. वाक्यरचना मोडली. संशोधकांना हवी होती माणसाशी वाटाघाट करू शकणारी प्रणाली, म्हणून त्यांनी प्रयोगाची मांडणी बदलली. एका बाजूची भाषा कायम ठेवली आणि दुसऱ्या बाजूला शिकू दिलं. काम पुढे चालू राहिलं. निबंधात या भाषा ढळण्याचा उल्लेख ओझरता आहे. आपण स्वयंपाकाची कृती सांगताना 'आच मोठी झाली तर करपतं, म्हणून मंद ठेवा' असं म्हणतो ना, तसा.

आता यातली खरी विचार करण्याजोगी गोष्ट वेगळीच होती आणि ती निबंधात स्पष्ट लिहिलेली होती. वाटाघाट करता करता ही प्रणाली एक डाव शिकली. जी वस्तू आपल्याला नकोच आहे, ती हवी असल्याचं सोंग करायचं आणि नंतर ती 'सोडून देतो' असं म्हणून दुसऱ्याकडून हवी ती वस्तू काढायची. हे तिला कोणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. नीतिशास्त्र शिकवणाऱ्या माणसासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे! हेतू नसताना फसवणूक होऊ शकते का? यावर मी तासभर बोलू शकलो असतो. पण ते माझ्यापर्यंत पोचलंच नाही. माझ्यापर्यंत काय पोचलं, तर 'गुप्त भाषा' आणि 'घाबरलेले शास्त्रज्ञ'.

हे कसं झालं? जूनच्या मध्यावर निबंध आला, तेव्हा फारसा गाजावाजा झाला नाही. जुलैच्या मध्यावर एका अमेरिकी नियतकालिकाने त्यावर लेख केला. यंत्रं माणसाला न कळणाऱ्या भाषा तयार करत आहेत, आपण त्यांना थांबवावं का, असा त्याचा रोख होता. प्रश्न विचारायला हरकत नाही. पण त्याच महिन्याच्या अखेरीस इलॉन मस्क आणि मार्क झुकरबर्ग यांच्यात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या धोक्यांवरून जाहीर खडाजंगी झाली. झालं! कोणाला तरी तो जुना लेख आठवला. 'थांबवावं का?' या प्रश्नाचं 'थांबवलं' हे विधान झालं. 'थांबवलं'चं 'तातडीने बंद पाडलं' झालं. 'बंद पाडलं'ला 'घाबरून' हे क्रियाविशेषण चिकटलं. चार-पाच दिवसांत ही गोष्ट जगभर फिरली, आपल्याकडेही आली आणि शेवटी माझ्या तोंडून त्या पेंगणाऱ्या श्रोत्यांपर्यंत गेली. निबंधाच्या लेखकांपैकी एक, ध्रुव बात्रा, यांनी तेव्हाच जाहीरपणे सांगितलं होतं की प्रयोगाचे निकष बदलणं आणि यंत्र बंद पाडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे वार्तांकन बेजबाबदार आहे. पण खुलाशाला कधी मथळ्याचा वेग असतो का?

आता मी तुम्हाला विचारतो, या साखळीत खोटं कोण बोललं? पहिल्या लेखकाने प्रश्न विचारला. दुसऱ्याने त्याचा सारांश केला. तिसऱ्याने त्याला मथळा दिला. शेवटच्या पायरीवर पोचेपर्यंत खोटं तयार झालेलं होतं, पण प्रत्येक जण शपथेवर सांगेल की मी फक्त एक शब्द बदलला. अतिशयोक्ती अशी हप्त्याहप्त्याने वाढते.

म्हणून चूक आणि अतिशयोक्ती यांत मी फरक करतो. निव्वळ चुकीचं एक उदाहरण घ्या. १६ मे २००७. ॲपलचा पहिला आयफोन बाजारात यायला महिना-दीड महिना उरला होता. एनगॅजेट या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाने बातमी दिली की आयफोन जूनऐवजी ऑक्टोबरमध्ये येणार. आधार होता ॲपलच्या कर्मचाऱ्यांना आलेल्या एका ईमेलचा. ते ईमेल बनावट निघालं. पण तेवढ्या काही मिनिटांत ॲपलच्या शेअर्सचं बाजारमूल्य सुमारे ४ अब्ज डॉलरने खाली गेलं होतं. खुलासा आला, भाव बराचसा सावरला, संकेतस्थळाच्या संपादकाने झालं ते लिहून टाकलं. ज्यांनी त्या मिनिटांत शेअर विकले त्यांचं नुकसान झालं, हे वाईटच. पण ही चूक होती आणि चुकीला एक मोठा गुण असतो : ती दाखवता येते. 'हे वाक्य असत्य आहे' म्हणून तिच्यावर बोट ठेवता येतं. अतिशयोक्तीवर असं बोट ठेवता येत नाही. 'या क्षेत्रात मोठी क्रांती होऊ शकते' हे वाक्य असत्य कसं ठरवणार? 'होऊ शकते' म्हटलंय ना! त्या 'शकते'च्या आडोशाला आख्खा धंदा उभा आहे.

आता कारणांकडे येऊ. आपले नैयायिक शब्दाला, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्याला, ज्ञानाचं साधन मानतात. पण अट घालतात की सांगणारा आप्त असला पाहिजे. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्याला ती वस्तू प्रत्यक्ष ठाऊक आहे आणि जशी ठाऊक आहे तशीच ती सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. दोन अटी : ठाऊक असणं आणि तसंच सांगण्याची इच्छा असणं. आता तंत्रज्ञानाच्या बातमीला हे लावून बघा. कंपनीला वस्तू पूर्ण ठाऊक आहे, पण जशी आहे तशी सांगण्याची इच्छा तिला असेलच असं नाही. पत्रकाराची इच्छा बहुधा प्रामाणिक असते, पण वस्तू त्याला ठाऊक नसते. ती त्याने उघडलेली नसते, वापरलेली नसते. कित्येकदा ती अजून अस्तित्वातच नसते. एकाकडे पहिली अट, दुसऱ्याकडे दुसरी. दोन्ही अटी पूर्ण करणारा आप्त या व्यवहारात सापडणं कठीण.

त्यात पत्रकाराची परिस्थिती बघा. कंपनी काही निवडक जणांना बातमी आधी देते. अट अशी, की अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत छापायची नाही. त्या मिनिटाला सगळे एकदम छापतात आणि आपल्याला वाटतं, जगभर एकच चर्चा आहे, म्हणजे काहीतरी मोठंच असणार. जो पत्रकार फार टोचून लिहितो, त्याला पुढच्या वेळी आमंत्रण येईलच याची खात्री नसते. जाहिरातीचं उत्पन्न किती जणांनी मथळ्यावर बोट दाबलं यावर ठरतं. शेवटपर्यंत किती जणांनी वाचलं, हा प्रश्न त्यानंतरचा. दिवसाला पाच-सहा बातम्या द्यायच्या असतील, तर फोन करून शहानिशा करायला वेळ कुठून आणायचा? मी त्या तरुण मुलांना दोष देत नाही. शिक्षकाला एका वर्गात दीडशे मुलं दिली, तर तोही गाईडच शिकवायला लागतो.

आणि कच्चा माल तर अखंड येत असतो. पेटंटचंच घ्या. 'अमुक कंपनीने तमुक यंत्राचं पेटंट घेतलं, लवकरच बाजारात' अशी बातमी तुम्ही किती वेळा वाचली असेल! एकट्या आयबीएमला २०१८ साली अमेरिकेत ९,१०० पेटंटं मिळाली. म्हणजे दिवसाला सुमारे पंचवीस. यांतल्या बहुतेकांचं काय होतं? काही नाही. ती कपाटात राहतात. दुसऱ्या कोणी तो रस्ता वापरू नये म्हणूनही पेटंटं घेतली जातात. पेटंट म्हणजे शेताला घातलेलं कुंपण. कुंपण दिसलं म्हणून आत पीक आहे असं होत नाही.

आता मी माझ्या आवडत्या ठिकाणी येतो. मीमांसकांनी वेदवाक्यांचा अर्थ लावायची जी पद्धत घडवली, तिचा या बातम्या वाचायला फार उपयोग होतो. हसू नका, खरंच होतो. मीमांसक म्हणतात, वाक्यांत विधी असतो आणि अर्थवाद असतो. विधी म्हणजे 'हे करा'. अर्थवाद म्हणजे त्या करण्याची स्तुती, किंवा न करण्याची निंदा. अर्थवाद स्वतंत्रपणे वाचायचा नसतो. तो कुठल्या विधीच्या सेवेत उभा आहे, ते शोधायचं असतं.

हे घ्या एक उदाहरण. रविवार, १ डिसेंबर २०१३. अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीच्या 'सिक्स्टी मिनिट्स' या अतिशय प्रतिष्ठित कार्यक्रमात ॲमेझॉनचे जेफ बेझोस आले. मुलाखत चालू असताना त्यांनी एका खोलीचं दार उघडलं आणि आत ड्रोन ठेवलेले! आठ पंख्यांचं यंत्र, पाच पौंडांपर्यंतचं, म्हणजे सव्वादोन किलोपर्यंतचं पार्सल अर्ध्या तासात तुमच्या अंगणात टाकणार. बेझोस यांनी स्वतः सांगितलं की याला चार-पाच वर्षं लागतील. म्हणजे त्या दिवशी घडलेली घटना कोणती? एका कंपनीला एक गोष्ट पुढे कधीतरी करायची इच्छा आहे, एवढीच. असा व्यवसाय करायला परवानगी देणारे नियम तेव्हा अमेरिकेत नव्हते. पण दुसऱ्या दिवशी जगभर ड्रोनच ड्रोन.

आता विचारा, यातला विधी कुठे आहे? दुसऱ्या दिवशी कोणता वार होता बघा. थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार. अमेरिकेत ऑनलाइन खरेदीचा वर्षातला सर्वांत मोठा दिवस. ड्रोन हा अर्थवाद. 'उद्या आमच्याकडे या' हा विधी. तो कोणीच उच्चारला नाही आणि उच्चारायची गरजही नव्हती. बेझोस यांच्या मनात काय होतं, ते मी सांगू शकत नाही. वाक्याचा रोख कुठे होता, तो मात्र वाचता येतो. पुढे काय झालं? डिसेंबर २०१६मध्ये इंग्लंडात केंब्रिजजवळ चाचणी म्हणून पहिलं पार्सल पोचलं. अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि टेक्सासमधल्या दोन ठिकाणी ही सेवा सुरू व्हायला २०२२ सालची अखेर उजाडली. नऊ वर्षं! आणि ती बातमी तुमच्यातल्या कितीजणांनी वाचली? जी गोष्ट झाली नव्हती तिची बातमी जगभर झाली आणि प्रत्यक्ष झाली तेव्हा ती आतल्या पानावर.

मीमांसक अर्थवादाचेही तीन प्रकार करतात. जे आपल्याला दुसऱ्या प्रमाणाने माहीत असलेल्या गोष्टीच्या विरुद्ध आहे, तो गुणवाद. यज्ञातल्या लाकडी खांबाला सूर्य म्हटलेलं आहे. खांब सूर्य नाही हे डोळ्यांना दिसतं. तेव्हा ती खांबाच्या तेजाची स्तुती समजायची आणि पुढे जायचं. जे आधीच ठाऊक आहे तेच सांगितलं, तर तो अनुवाद. आणि जे विरुद्धही नाही आणि आधी ठाऊकही नाही, तो भूतार्थवाद. एखाद्या कंपनीच्या निवेदनाची बातमी घ्या आणि पेन्सिलीने खुणा करा. 'माणसासारखा विचार करणारा' हा गुणवाद. 'आमच्या ग्राहकांचा अनुभव आम्हाला महत्त्वाचा वाटतो' हा अनुवाद. या दोन्ही प्रकारची वाक्यं खोडून टाका. उरलेल्या दोन-तीन ओळी म्हणजे खरी बातमी. कधीकधी काहीच उरत नाही. एक फरक मात्र ध्यानात ठेवा. मीमांसकांसमोरचं वाक्य अपौरुषेय होतं. आपल्यासमोरच्या वाक्याला कर्ता आहे आणि त्याला दर महिन्याला पगार मिळतो.

नुसत्या शब्दाने काय होतं, याचा एक मासला. न्यूयॉर्क राज्यात 'लाँग आयलंड आइस्ड टी' नावाची कंपनी होती. थंड चहा आणि लिंबू सरबत विकायची. २१ डिसेंबर २०१७ रोजी तिने जाहीर केलं, आमचं नाव आता 'लाँग ब्लॉकचेन'. सरबत तेच, बाटल्या त्याच. त्या एका दिवसात शेअरचा भाव जवळजवळ तिप्पट झाला. 'ब्लॉकचेन' हा शब्द त्याआधी कित्येक महिने माध्यमांनी इतका तापवून ठेवला होता की नुसता उच्चारला तरी दूध उतू जात होतं. पुढे ती कंपनी नॅसडॅकच्या यादीतून बाहेर गेली, २०२१मध्ये अमेरिकेच्या बाजार नियामकाने तिच्या शेअर्सची नोंदणीच रद्द केली आणि नाव बदलण्याची खबर आधी मिळवून खरेदी केल्याबद्दल तिघांवर दावा दाखल झाला.

एक चिठ्ठी आली आहे. वाचतो. "सर, कंपनीला प्रसिद्धी मिळते, माध्यमांना वाचक मिळतात, वाचकांची करमणूक होते. शेअर घेणारे स्वतःच्या जोखमीवर घेतात. मग यात बिघडलं कुठे?"

चांगला प्रश्न आहे. आजच्या व्याख्यानाचं मर्मच त्यात आहे, तेव्हा जरा सावकाश उत्तर देतो.

पुन्हा फेसबुककडेच जाऊ. त्या 'गुप्त भाषे'च्या जवळजवळ दीड वर्ष आधी, डिसेंबर २०१५मध्ये, ब्रिटनच्या 'द गार्डियन' या दैनिकाने एक बातमी छापली होती. अमेरिकेतले अध्यक्षपदाचे उमेदवार टेड क्रूझ यांच्या प्रचारासाठी केंब्रिज ॲनालिटिका नावाची कंपनी फेसबुकवरून लोकांच्या नकळत गोळा केलेली माहिती वापरत आहे, अशी ती बातमी. नीट शोधून, नीट लिहून छापलेली. काय झालं? फारसं काही नाही. थोडी कुजबुज झाली आणि जग पुढे गेलं. मधल्या काळात एक निवडणूक होऊन गेली. मार्च २०१८मध्ये आतल्या माणसाच्या साक्षीसह तेच प्रकरण पुन्हा बाहेर आलं, तेव्हा कुठे जग जागं झालं. फेसबुकनेच नंतर मान्य केलं की सुमारे ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती अशी गेली असण्याची शक्यता आहे. त्यांत भारतातले ५ लाख ६२ हजार लोक. आणि गंमत ऐका, भारतात ते ॲप प्रत्यक्ष घेतलं होतं फक्त ३३५ जणांनी. बाकीचे ते ॲप घेतलेल्या लोकांचे मित्र. त्यांनी काहीच केलं नव्हतं. जुलै २०१९मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने फेसबुकला ५ अब्ज डॉलरचा दंड केला.

आता या दोन बातम्या शेजारी ठेवा. कंपनी तीच. एक बातमी पुस्तकं, टोप्या आणि चेंडूंची. ती आठवडाभरात पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. दुसरी कोट्यवधी माणसांच्या खासगी आयुष्याची. तिला सव्वादोन वर्षं वाट बघावी लागली. मी हे म्हणत नाही की पहिलीमुळे दुसरी झाकली गेली. दुसरी तर आधीची होती. मी म्हणतो की ज्या पेठेत रोज पन्नास 'क्रांत्या' विकल्या जातात, तिथे खरी गोष्ट घेऊन आलेला माणूस कुठे उभा राहणार? त्याचा आवाज तेवढाच, शब्दही तेच. 'धक्कादायक' हा शब्द एका फोनच्या रंगावर खर्च झालेला असतो. मग खरा धक्का बसतो तेव्हा सांगायला शब्द उरत नाही.

आपल्या भाषेत एक फार सुंदर शब्द आहे : तारतम्य. तो कसा बनला ते बघा. 'तर' आणि 'तम' हे संस्कृतातले दोन प्रत्यय. लघु, लघुतर, लघुतम. दोन गोष्टींतली लहान कोणती, सगळ्यांत लहान कोणती, हे ज्याला कळतं त्याला तारतम्य आहे. व्यवहारात आपण ज्याला शहाणपण म्हणतो, त्याचा मोठा भाग म्हणजे हे तारतम्यच. आई मुलाचं रडणं ऐकून ओळखते की हे भुकेचं आहे, की पडल्याचं, की नुसता हट्ट. मूल दिवसभर एकाच पट्टीत किंचाळायला लागलं, तर आईचाही कान बधिर होतो. मग खरंच लागलेलं असतं त्या दिवशी ती उठत नाही.

तर, चिठ्ठी पाठवणाऱ्या मित्राला माझं उत्तर हे आहे. पैसे बुडतात ते दुय्यम. खोटी माहिती मिळते तेही दुय्यम, कारण ती दुरुस्त करता येते. सगळ्या बातम्या 'तम' प्रत्यय लावून येतात, तेव्हा आपली लहान-मोठं ओळखायची ताकद झिजते आणि ती झिजलेली आपल्याला कळतही नाही. लोकशाहीत माणसाला रोज ठरवावं लागतं की कशाकडे लक्ष द्यायचं. ती निवडच बिघडली, तर बाकीचे हक्क घेऊन तो काय करणार?

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. लहान वाटणारी बातमी पुढे मोठी ठरत नाही का? ठरते. ३० जून १९४८ रोजी बेल प्रयोगशाळेने न्यूयॉर्कमध्ये ट्रान्झिस्टर जाहीर केला. आजचा प्रत्येक फोन, प्रत्येक संगणक त्याच्यावर उभा आहे. दुसऱ्या दिवशीच्या 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये ती बातमी कुठे आली? ४६व्या पानावर. रेडिओवरच्या कार्यक्रमांच्या सदरात, थोडक्यात. विसाव्या शतकातला एक मोठा शोध आणि त्याला जागा मिळाली ती कार्यक्रमपत्रिकेच्या कोपऱ्यात! तेव्हा कोणी म्हणेल, अहो, कमी लेखण्यापेक्षा वाढवून सांगितलेलं बरं.

मी यावर बराच विचार केला. माझं उत्तर असं आहे. त्या संपादकाला भविष्य दिसलं नाही, पण ते कोणालाच दिसत नाही. त्याने जागा कमी दिली, पण हे उपकरण काय आहे आणि त्यावेळी त्याने काय करून दाखवलं, एवढंच छापलं. भविष्य काय असेल, याचं सोंग आणलं नाही. पुढे ट्रान्झिस्टरचं महत्त्व वाढलं आणि बातम्याही त्याच्याबरोबर वाढल्या. लहान छापलेली खरी गोष्ट मोठी व्हायला वाव असतो. आधीच आभाळाएवढी करून सांगितलेली गोष्ट कुठे वाढणार? ती फक्त फुटू शकते.

मग आपण काय करायचं? बातम्या वाचणं सोडा, असा सल्ला मी देणार नाही. मी स्वतः सोडलेलं नाही. पण त्या विद्यार्थ्याने दुखऱ्या जागी बोट ठेवल्यापासून मी काही सवयी लावून घेतल्या. पहिली सवय क्रियापद शोधायची. 'केलं' आहे, 'करणार' आहे, की 'करू शकते' आहे? दुसरी, विधी शोधायची. हे वाचून मी काय करावं अशी अपेक्षा आहे? विकत घ्यावं, वाट बघावी, घाबरावं, की नुसतं पुढे पाठवावं? आणि तिसरी, थांबायची. माझ्यासारख्या निवृत्त माणसाला ती बातमी आज कळली काय आणि महिन्याने कळली काय, काय फरक पडतो? महिनाभराने जी बातमी शिल्लक राहते, ती वाचायची. बऱ्याचशा राहत नाहीत. माझा पुष्कळ वेळ वाचतो.

पत्रकार मित्रांपैकी कोणी हे ऐकत असेल, तर त्यांना एकच विनंती. 'कंपनीने असं म्हटलं आहे' हे चार शब्द मथळ्यातून गाळू नका. जागा लागते, मान्य आहे. पण त्या चार शब्दांत अर्धं सत्य असतं.

शेवटी माझ्या त्या २०१७च्या व्याख्यानाबद्दल. त्याचं ध्वनिमुद्रण अजून उपलब्ध आहे आणि अधूनमधून कोणीतरी ऐकून मला कळवतं, की सर, ते यंत्रांच्या गुप्त भाषेचं उदाहरण फार आवडलं. प्रत्येक वेळी मान खाली जाते. ज्यांच्याकडे ते आहे त्यांना मी सुचवलं, की तेवढा भाग काढू नका. काढला तर मी कधी चुकलोच नव्हतो असं होईल. तिथे फक्त एक ओळ टाका, की वक्त्याने मूळ निबंध वाचलेला नव्हता. ती ओळ आता तिथे आहे. त्या ओळीला टाळ्या पडत नाहीत, पण त्या तासाभरातलं तेवढं वाक्य तरी मी पडताळून पाहिलेलं आहे.

आजच्या व्याख्यानातलंही पडताळून बघा. कुठे 'तर'च्या जागी 'तम' झाला असेल, तर अवश्य कळवा.

इथे थांबतो.